क्लेअरच्या मालकीणबाई

केम्ब्रिजच्या क्लेअर कॉलेजची एक ढाल आहे. ढालीच्या एका अर्ध्या भागात क्लेअर घराण्याचे तीन तांबडे पट्टे, दुसऱ्या अर्ध्यात बर्ग घराण्याचा तांबडा क्रूस. म्हणजे निम्मं माहेर, निम्मं सासर. भोवती काळी किनार आणि त्या किनारीवर सोनेरी थेंब. हे थेंब अश्रूंचे, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. कॉलेजची आश्रयदाती एलिझाबेथ द बर्ग हिने तीन नवरे पुरले, म्हणून हा शोक.

मला हे थेंब पटत नाहीत. १२९५ साली जन्मलेली ही बाई १३२२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तिसऱ्यांदा विधवा झाली. त्यानंतर ती ३८ वर्षं जगली आणि तिने पुन्हा लग्न केलं नाही. इतिहासात तिचं म्हणून जे काही आहे, म्हणजे कॉलेज, मठ, इस्टेटीचा कारभार, शंभराच्या आसपास हिशेबाच्या गुंडाळ्या, ते जवळजवळ सगळं या ३८ वर्षांतलं. त्याआधीच्या २६ वर्षांत जे घडलं ते तिने केलेलं नाही, तिच्या बाबतीत केलं गेलेलं आहे. ती स्वतःला 'लेडी ऑफ क्लेअर' म्हणवून घेई. याचं मराठी मी 'क्लेअरच्या मालकीणबाई' असं करीन, कारण आपल्या भाषेत हा शब्द सोयीचा दुटप्पी आहे. मालकीण म्हणजे मालकाची बायको. आणि मालकीण म्हणजे जिच्या नावावर मालकी आहे ती. आपल्याकडे नवऱ्याला 'मालक' म्हणणाऱ्या बायका अजून आहेत. एलिझाबेथचं आयुष्य या शब्दाच्या पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या काळच्या उमराव घरातल्या बाईला हा प्रवास नवरा जिवंत असेपर्यंत करता येत नसे, आणि तो मेल्यावरही लेखणी आणि वकील हाताशी नसतील तर करता येत नसे. प्रेमकथा, संतचरित्रं, राण्यांची कारस्थानं यांत मध्ययुगीन बाई शोधणाऱ्यांनी एकदा तिच्या जमाखर्चात डोकावावं.

घराणं केवढं होतं ते आधी सांगायला हवं. बाप गिल्बर्ट द क्लेअर, ग्लॉस्टरचा अर्ल, राजाखालोखालच्या मोजक्या बड्या जमीनदारांपैकी एक. वेल्समधला केअरफिलीचा पाण्याने वेढलेला प्रचंड किल्ला त्यानेच बांधायला घेतलेला. आई जोन, राजा पहिल्या एडवर्डची मुलगी. क्रूसेडच्या स्वारीत एडवर्ड बायकोसह पॅलेस्टाइनच्या एकर बंदरात होता तेव्हा, १२७२ साली, ही जन्मली. म्हणून नावच पडलं 'जोन ऑफ एकर'. लग्नाच्या वेळी राजाने जावयाकडून सगळी जमीन आधी स्वतःकडे लिहून घेतली आणि मग नवराबायको दोघांच्या नावे परत दिली. या जोडीच्या मालकीचा अर्थ असा, की गिल्बर्ट मेल्यावर सगळी इस्टेट मुलाकडे न जाता जोनकडे राहिली. एलिझाबेथ अडीच-तीन महिन्यांची असताना तो मेलाच. राजाने विधवा मुलीसाठी परदेशी स्थळ बघायला घेतलं. मुलीने १२९७ साली नवऱ्याच्याच घरातल्या एका साध्या शिलेदाराशी, राल्फ द मॉन्थर्मरशी, गुपचूप लग्न लावून टाकलं. राजाने जावयाला कैदेत टाकलं, मग सोडलं, आणि बायकोच्या जमिनीच्या जोरावर हा शिलेदार काही वर्षं अर्ल म्हणून मिरवला. एलिझाबेथच्या लहानपणी घरात घडलेली ही गोष्ट आहे. तिने त्यातून काय उचललं ते आपल्याला कळायला मार्ग नाही, पण इंग्लंडात बाईची जमीन कशी फिरते याचा याहून चांगला धडा कुठल्या पंतोजीने दिला नसता.

तिचं पहिलं लग्न हे आपल्या भाषेत चक्क साटंलोटं होतं. १३०८ च्या सप्टेंबरअखेरीस वॉल्थम ॲबीत तिच्या भावाचं लग्न अल्स्टरच्या अर्लच्या मुलीशी, मॉडशी झालं. आणि एका दिवसाच्या अंतराने एलिझाबेथचं त्याच अर्लच्या मुलाशी, जॉन द बर्गशी. नवरी तेरा वर्षांची. पुढल्या वर्षी ती आयर्लंडला गेली. सतराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मुलगा झाला, विल्यम. वर्ष व्हायच्या आत नवरा एका किरकोळ चकमकीत मारला गेला. सासरा जिवंत होता, मुलगा वारस होता, आणि सतरा वर्षांच्या या विधवेकडे कोणाचं फारसं लक्ष जायचं कारण नव्हतं.

ते गेलं पुढल्या वर्षी. २४ जून १३१४ रोजी स्कॉटलंडात बॅनकबर्नला इंग्रज फौजेची दाणादाण उडाली आणि एलिझाबेथचा एकुलता सख्खा भाऊ, तेवीस वर्षांचा तरुण अर्ल, तिथे पडला. समोरच्या बाजूला राजा रॉबर्ट ब्रूस होता, आणि ब्रूसची बायको ही मॉडची बहीण. दोन साडू एकमेकांविरुद्ध लढले आणि एक मेला. (या ब्रूसच्या बायकोचं नावही एलिझाबेथ द बर्गच. पुढे आपल्या एलिझाबेथच्या नातीचंही तेच. तीन बायका, एक नाव. वंशावळ वाचताना पेन्सिल जवळ ठेवावी.)

इंग्लंडचा वारसाहक्क मुलग्यांच्या बाबतीत सरळ होता: थोरला सगळं घेतो. मुलगा नसेल तर मात्र मुलींमध्ये थोरली-धाकटी असा भेद नाही, सारख्या वाटण्या. भाऊ बिनवारस मेला, म्हणून तिघी बहिणी, एलेनॉर, मार्गारेट आणि एलिझाबेथ, एका रात्रीत देशातल्या सर्वांत श्रीमंत वारसदारणी झाल्या. इस्टेटीचं वार्षिक उत्पन्न सहा हजार पौंडांच्या वर. प्रत्येकीच्या वाट्याला साधारण दोन हजार. त्या काळी मजुराला दिवसाला फार तर दोनेक पेन्स मिळत आणि एका पौंडाचे २४० पेन्स होत. म्हणजे एका बहिणीचं एका वर्षाचं उत्पन्न हे एका मजुराची दोन लाख चाळीस हजार दिवसांची मजुरी. वर्षाचे २४० दिवस काम मिळालं असं धरलं, तर हजार वर्षांची.

वाटण्या मात्र लगेच झाल्या नाहीत, कारण विधवा भावजय मॉड म्हणाली की मी गरोदर आहे. मुलगा झाला तर बहिणींचा हक्क संपला. नऊ महिने झाले, वर्ष झालं, दोन वर्षं होत आली, तरी दरबारचे कायदेपंडित गंभीर चेहऱ्याने सांगत राहिले की अर्लची विधवा गरोदर आहे आणि तोवर वाटणीचा प्रश्न येत नाही. थोरल्या बहिणीचा नवरा ह्यू डिस्पेन्सर चिडून १३१५ मध्ये टनब्रिजचा किल्लाच बळकावून बसला. हे गरोदरपण राजाच्या सोयीचं होतं. वारस ठरेपर्यंत उत्पन्न त्याच्या हाती. मॉडला खरंच तसं वाटत होतं, की तिला तसं म्हणायला लावलं, यावर तर्क करण्यात अर्थ नाही. अर्थ आहे तो या दृश्यात: देशातला एवढा मोठा जमीनजुमला एका बाईच्या पोटावर तीन वर्षं कुलूपबंद राहिला आणि वकील त्या पोटावर युक्तिवाद करत होते.

दरम्यान राजाने भाचीला आयर्लंडहून बोलावून ब्रिस्टलच्या किल्ल्यात ठेवलं होतं. दुसरा एडवर्ड हा तिचा सख्खा मामा. आपल्याकडे मामा म्हटलं की एक चांदोमामा आणि दोन वाईट आठवतात, कंस आणि शकुनी. या मामाला कुठे बसवायचं ते वाचकाने ठरवावं. भाची हे त्याच्या हातचं हुकमाचं पान होतं, आणि ते त्याला आपल्या मर्जीतल्या माणसाला द्यायचं होतं. ४ फेब्रुवारी १३१६ रोजी थिओबाल्ड द व्हर्डन या सरदाराने ते पान पळवलं. एलिझाबेथला किल्ल्याबाहेर गाठून त्याने लग्न लावलं. जाब विचारल्यावर त्याने सांगितलं की आमचं आयर्लंडातच ठरलं होतं आणि ती आपणहून बाहेर आली. तिचं स्वतःचं म्हणणं कोणी लिहून ठेवलेलं नाही.

तत्कालीन कायद्याच्या लॅटिनमध्ये या प्रकाराला 'रॅप्टस' म्हणत. जबरदस्तीने नेली तरी रॅप्टस, राजीखुशीने गेली तरी रॅप्टस. कायद्याला बाईच्या मर्जीशी देणंघेणं नव्हतं. ती ज्याच्या ताब्यात होती त्याच्या ताब्यातून गेली, एवढंच मोजलं जाई. मराठीत 'पळाली' आणि 'पळवली' यांच्यात एका 'व'चा फरक आहे, आणि आपण निदान तो फरक करतो. आधुनिक चरित्रकारांना मात्र दोन्हींतलं एक निवडल्याशिवाय चैन पडत नाही. एक पक्ष तिला अन्यायग्रस्त ठरवतो, दुसरा तिला आईसारखी मनस्वी प्रेमिका करतो. मला वाटतं, वीस वर्षांच्या श्रीमंत विधवेपुढे त्या हिवाळ्यात तीनच वाटा होत्या: मामा ठरवेल तो नवरा, व्हर्डन, किंवा आणखी कोणीतरी व्हर्डन. या तिन्हींतून निवड केली असली तरी तिला मर्जी म्हणायला जीभ रेटत नाही. अशी वेळ त्या घरातल्या एकटीवर आली नाही, हेही लक्षात घ्यावं. थोरली बहीण एलेनॉर विधवा झाल्यावर १३२९ साली तिला विल्यम द ला झूशने पळवलं. मधलीची मुलगी मार्गारेट हिला १३३६ साली राल्फ स्टॅफर्डने पळवलं. हा स्टॅफर्ड पुढे गार्टर या शूर सरदारांच्या मानाच्या संघाचा संस्थापक सभासद झाला आणि अर्लही झाला. पळवापळवी हा गुन्हा होता, पण मुलगी पुरेशी मोठी वारसदार असेल तर ती बढतीची पायरीही होती.

व्हर्डन सहा महिन्यांत तापाने मेला. एलिझाबेथ गरोदर होती, ती एम्सबरीच्या मठात गेली, तिथे तिची मावशी जोगीण होती. १३१७ च्या मार्चमध्ये तिथे मुलगी झाली, इझाबेला. आणि बाळंतपणाला काही आठवडे होतात न होतात तोच मामाने तिचं लग्न आपल्या लाडक्या रॉजर डॅमोरीशी लावलं. त्याच वसंतात मधली बहीण मार्गारेट दुसऱ्या लाडक्याला, ह्यू ऑडलीला दिली. तिचा पहिला नवरा पिअर्स गॅव्हेस्टन हाही राजाचा लाडकाच होता आणि सरदारांनी १३१२ मध्ये त्याचं मुंडकं उडवलं होतं. तिघी बहिणींचे नवरे ठरले, तेव्हा कुठे मॉडचं गरोदरपण संपलं आणि नोव्हेंबर १३१७ मध्ये वाटण्या झाल्या. एलिझाबेथच्या वाट्याला सफकमधलं क्लेअर, भोवतालची पूर्वेकडची गावं, डॉर्सेटमधली काही जमीन आणि वेल्समधला अस्कचा भाग आला.

मग साडू-साडूंचं जुंपलं. थोरला साडू डिस्पेन्सर आता राजाचा सर्वांत लाडका झाला आणि त्याला वेल्समधली सलग पट्टी हवी होती. धाकट्या दोन मेहुण्यांची जमीन मध्ये येत होती. डॅमोरी आणि ऑडली बंडात उतरले. १३२२ च्या मार्चमध्ये डॅमोरी टटबरीला मेला. राजद्रोहाची शिक्षा आधीच सुनावली होती, पण भाचीचा नवरा म्हणून फाशी टळली होती. एलिझाबेथला अस्कच्या किल्ल्यात मुलांसकट पकडून बार्किंगच्या मठात अडकवलं. मार्गारेटला दुसऱ्या मठात. मेहुणीला मठात टाकणं हे वरून धार्मिक दिसतं. आत व्यवहार होता.

आता मी ज्या कागदासाठी हा लेख लिहायला बसलो, तिथे येतो. त्या वर्षीच्या नाताळात एलिझाबेथला यॉर्कला राजापुढे बोलावलं. तिचे सल्लागार तिच्यापासून तोडले. अस्कवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर शिक्का उठव, नाहीतर राजाच्या मुलखात एक बिघाही जमीन तुला मिळणार नाही, असं सांगण्यात आलं. तिने शिक्का उठवला. बदल्यात कमी किमतीचा गॉवरचा मुलूख हाती ठेवला, आणि मग कोर्टकचेरीची खेळी करून तोही काढून घेतला. हे सगळं कायदेशीर होतं. प्रत्येक पायरीवर तिचा शिक्का होता.

१३२६ च्या मे महिन्यात, क्लेअरच्या किल्ल्यात, तिने या सगळ्याची तक्रार लिहून काढली. कधी काय झालं, कुठे बोलावलं, काय धमकी दिली, कुठल्या कागदावर कसा शिक्का घेतला. ही तक्रार तिने कोणाकडे नेली नाही. नेणार कोणाकडे? गुन्हेगार डिस्पेन्सर आणि न्यायाधीश मामा. तिने ती रीतसर साक्षांकित करून गुपचूप ठेवून दिली. ज्या दिवशी हा कागद लिहिला त्या दिवशी डिस्पेन्सर सत्तेच्या शिखरावर होता आणि तो पडेल याची काही चिन्हं क्लेअरहून दिसत असतील असं वाटत नाही. त्या नोव्हेंबरात, राणी इझाबेलाने फौज घेऊन उतरल्यावर, हियरफर्डला त्याला पन्नास फूट उंच फाशी दिलं. लवकरच अस्क एलिझाबेथकडे परत आलं.

शौर्य कशाला म्हणायचं याबद्दल आपली कल्पना फार एकसुरी आहे. घोड्यावर बसलेली बाई दिसली की आपण पुतळा उभारतो. तीस वर्षांची एक बाई, दोन वेळा लुटली गेलेली, मुलं पदरात, बंद खोलीत कारकुनाला मजकूर सांगते आहे, आणि तो कागद सापडला तर उरलंसुरलंही जाईल हे तिला ठाऊक आहे. तक्रारीत विलाप नाही. दिवस, जागा आणि कागदाचा तपशील आहे. जबरदस्तीने उठवलेल्या शिक्क्याला तिचं उत्तर दुसरा शिक्का हेच होतं.

तिसऱ्यांदा विधवा झाल्यानंतरची ३८ वर्षं ती कशाच्या जोरावर एकटी राहू शकली? १२१५ च्या मॅग्ना कार्टात दोन कलमं विधवांची आहेत. नवरा मेल्यावर तिची माहेरची जमीन आणि लग्नातली जमीन विनाविलंब आणि विनामोबदला तिला मिळावी. नवऱ्याच्या घरात चाळीस दिवस राहता यावं. आणि नवऱ्यावाचून राहायची इच्छा असेल तर कोणी तिला लग्नाची जबरदस्ती करू नये. शेवटच्या कलमाला शेपूट होतंच, लग्न करायचं झालं तर वरच्याची परवानगी घ्यावी. शिवाय नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर विधवेचा. हा कायदा कोणाच्या कनवाळूपणातून आला नव्हता. त्याच्या तीसच वर्षं आधी, ११८५ मध्ये, दुसऱ्या हेन्रीने आपल्या हाताखालच्या विधवांची आणि अनाथ वारसांची यादी करवून घेतली होती: नाव, वय, मुलं किती, जमीन केवढी, उत्पन्न किती, जनावरं किती. बाजारात न्यायच्या मालाची यादी जशी असते तशी. आपल्याच आया-बहिणी अशा विकल्या जातात आणि त्यांच्याबरोबर आपली जमीनही परक्याकडे जाते, या सरदारांच्या त्राग्यातून ती कलमं निघाली.

नवरा असताना बाईच्या जमिनीवर कारभार नवऱ्याचा. तिने स्वतंत्र दावा लावायचा नाही, करार करायचा नाही, मृत्युपत्र करायचं तरी त्याच्या मर्जीने. तो मेला की त्याच बाईला हे सगळं करता येतं. विधवा या शब्दाने आपल्या मनात जे चित्र उभं राहतं, केशवपन, आलवण, माजघरातला कोपरा, त्याच्याशी हे जुळत नाही, आणि म्हणूनच तो शब्द इथे जपून वापरावा लागतो. एलिझाबेथला तर वडिलोपार्जित वाटा होता, आणि त्यावर मेलेल्या नवऱ्यांच्या जमिनींतले तिसरे हिस्से. वर्षाचं उत्पन्न अडीच हजार पौंडांच्या वर. तिने ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं, त्या काळच्या अनेक श्रीमंत विधवा घेत तसं. भक्ती असेलच, पण बिशपसमोर घेतलेलं व्रत हे पुढल्या मामाला आणि पुढल्या व्हर्डनला दाराबाहेर ठेवणारं कुलूपही होतं. आडनाव तिने पहिल्या नवऱ्याचं ठेवलं, कारण तिघांत तेच मोठं घर. पदवी माहेरची. तिसऱ्याचं नाव कुठे लावलं नाही.

तिच्या घराचे हिशेब लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत. पेशवे दप्तरातले रुमाल ज्यांनी सोडले आहेत त्यांना तिथे परकं वाटणार नाही. भाषा लॅटिन, पण रचना ओळखीची. वर्ष २९ सप्टेंबरला, सुगी संपल्यावर सुरू होतं. रोजचा खर्च खातेवार: भटारखाना, मद्याची कोठी, मुदपाकखाना, पागा. प्रत्येक जिन्नस घरच्या कोठीतून काढला की विकत आणला, हे वेगळं. बुधवार, शुक्रवार, शनिवारी मांस नाही, नुसते मासे. चाळीस दिवसांच्या उपासाच्या मोसमात खारवलेली हेरिंग पिंपांनी. घरात शंभरावर माणसं, त्यामुळे बिअर सारखी गाळावी लागते, कारण ती टिकत नाही. शेवटी पागेचा आकडा, आज किती घोड्यांना दाणा दिला. हा आकडा अचानक फुगला की समजावं पाहुणे आले. कोण आले ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. राजा तिसरा एडवर्ड येतो, तिचा मामेभाऊ. पेंब्रोकची विधवा काउंटेस मारी द सेंट पोल येते, तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी विधवा, दोघी धनाढ्य, दोघींनी केम्ब्रिजला कॉलेजं केली. मारीचं पेंब्रोक कॉलेज १३४७ चं.

त्या हिशेबांत ती काय बोलली, कशावर हसली हे नाही. ६ जून १३३३ रोजी तिचा एकुलता मुलगा विल्यम, विशीतला अल्स्टरचा अर्ल, आयर्लंडात स्वतःच्याच माणसांकडून मारला गेला. आईला काय झालं ते कुठल्याही खात्यावर पडलेलं नाही. घोड्यांना दाणा त्या आठवड्यातही द्यावा लागला असेल. काहींना ही अशा साधनांची उणीव वाटते. मला उलट वाटतं की भावना ऐकायच्या हट्टापायी आपण या बाईचं काम पाहायचं विसरतो. देशभर विखुरलेल्या जमिनी, प्रत्येक ठिकाणी कारभारी, वर्षअखेर तपासणी, वकिलांचं मंडळ, शेकडो कुळं: एवढा पसारा तीस-पस्तीस वर्षं न कोसळता चालवणं हे चरित्र नाही तर काय आहे?

इथे तिचा गौरव आवरता घ्यायला हवा. ती कोणाची मुक्तिदात्री नव्हती. तिच्या जमिनी वेठीच्या कुळांनी नांगरल्या, आणि तिच्याकडे जे हक्क होते ते जमिनीला चिकटलेले होते, बाईपणाला नव्हते. तिच्याच गावातल्या कुणब्याच्या विधवेला वाटा मिळवायचा तर मालकीणबाईंच्या कचेरीत नजराणा भरावा लागे. तिने स्वतःच्या मुलींची लग्नं लहानपणीच उरकली. विल्यमची एकुलती मुलगी, तिची नात, हिचं लग्न १३४२ साली राजाचा मुलगा लायोनेल याच्याशी झालं. नवरी दहा वर्षांची. नवरा चार वर्षांचाही नव्हता. ज्या यंत्रात ती स्वतः भरडली गेली होती त्याच यंत्राचा दांडा तिच्या हाती आला आणि तिने तो नीट फिरवला. यात ढोंग शोधायला मी जाणार नाही. नातीला याहून मोठं घर मिळणं शक्य नव्हतं, आणि मोठ्या घराच्या आश्रयाविना वारसदार मुलीचं काय होतं हे ब्रिस्टलला राहिलेल्या आजीइतकं कोणाला माहीत असणार?

पण एका बाबतीत तिने यंत्राला वळसा घातला. त्या काळी इंग्लंडात जमीन मृत्युपत्राने देता येत नसे. ती कायद्याने ठरलेल्या वारसाकडेच जाई. दत्तक घ्यायची सोय तर तिथे १९२६ पर्यंत कायद्यात नव्हती. म्हणजे बाई कितीही मोठी मालकीण झाली तरी आपल्यामागे कोण, हे तिने निवडायचं नव्हतं. एक फट होती: राजाची परवानगी काढून धर्मसंस्थेला किंवा विद्यासंस्थेला जमीन देता येई. केम्ब्रिजला १३२६ मध्ये निघालेलं 'युनिव्हर्सिटी हॉल' नावाचं एक घर पैशावाचून अडचणीत होतं. तिने आधी एका चर्चचं उत्पन्न दिलं, मग आणखी, आणि हळूहळू आश्रयदातेपणाचा हक्क मूळ संस्थापकाकडून स्वतःकडे घेतला. घराचं नाव क्लेअर हॉल झालं. जे नाव बॅनकबर्नच्या चिखलात संपलं होतं, ते तिने दत्तकाच्या माथी लावावं तसं या घराला लावलं. १३५९ मध्ये तिने नियमावली दिली: इतके विद्वान, इतकी गरीब मुलं, खायला काय, वागायचं कसं. दहा वर्षांपूर्वी प्लेगने देशातली निदान तिसरा हिस्सा माणसं नेली होती, आणि शिकलेली माणसं किती गेली याची खंत त्या नियमावलीच्या प्रस्तावनेत आहे.

१३५५ चं तिचं मृत्युपत्र फ्रेंचमध्ये आहे. तिन्ही नवऱ्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना, व्हर्डनच्याही. नोकरांना नावानिशी देणग्या. क्लेअर हॉलला चांदीची भांडी आणि पुस्तकं. आणि पाच हत्यारबंद माणसं पवित्र भूमीला पाठवण्यासाठी पैसे, जिथल्या बंदरात तिची आई जन्मली होती आणि जे १२९१ मध्येच ख्रिस्ती सत्तेच्या हातून गेलं होतं. ४ नोव्हेंबर १३६० रोजी ती गेली. लंडनच्या ऑल्डगेटबाहेर सेंट क्लेअरच्या जोगिणींच्या मठात तिला पुरलं. त्या क्लेअरचा आणि या क्लेअरचा संबंध नाही, योगायोग आहे. मठ गेला, 'मिनरीज' हे रस्त्याचं नाव राहिलं.

जमीन नातीमार्फत लायोनेलकडे गेली, आणि त्याला ड्यूक केलं तेव्हा पदवीचं नाव क्लेअरवरून 'क्लॅरन्स' असं ठरलं. लायोनेलच्या मुलीच्या वंशातून पुढे यॉर्क घराण्याने इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगितला आणि मिळवला. त्या नातीच्या घरखर्चाची काही पानं एका जुन्या पोथीच्या बांधणीत सापडली. त्यात १३५७ सालच्या खर्चात एका पोऱ्याला दिलेल्या आखूड कोटाची, तांबड्या-काळ्या पायमोज्यांची आणि जोड्यांची नोंद आहे. पोऱ्याचं नाव जेफ्री चॉसर. इंग्रजी कवितेच्या आद्य पुरुषाचा सर्वांत जुना पुरावा हा शिंप्याच्या बिलासारखा आहे, आणि आजीच्या घरात जी हिशेबाची शिस्त होती तसल्याच शिस्तीमुळे तो आपल्यापर्यंत पोचला.

कॉलेज चालू आहे. एका बाईच्या पैशावर उभं राहिलेल्या, तिच्या माहेरचं नाव लावणाऱ्या आणि तिचे म्हणून सांगितलेले अश्रू ढालीवर मिरवणाऱ्या या कॉलेजात विद्यार्थिनींना पहिल्यांदा प्रवेश मिळाला १९७२ साली.